दोन वाक्यांमधला स्वल्पविराम

'एसटी चुकली, आम्ही रिक्षाने फैजपूरला गेलो.' यावलच्या कुठल्याही शाळेतल्या वहीत हे वाक्य दिसले, तर मराठीचे शिक्षक त्यावरून नजर फिरवून पुढे जातील. खटकावे असे त्यात काही नाही. हेच वाक्य इंग्रजीच्या वहीत 'वी मिस्ड द बस, वी टुक अ रिक्षा टू फैजपूर' असे उतरले, की 'बस'नंतरच्या स्वल्पविरामाभोवती लाल गोल पडतो. शब्द बरोबर, स्पेलिंग बरोबर, काळही बरोबर. तरी गुण कापले जातात. इंग्रजी व्याकरणात या चुकीला 'कॉमा स्प्लाइस' म्हणतात. दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली, की ती घडते.

मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाच्या इंग्रजीत ही चूक फार आढळते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले, शब्दसंग्रह वाढला, बोलण्याचा संकोच कमी झाला, पण हा स्वल्पविराम जागचा हलला नाही. निष्काळजीपणा हे त्याचे कारण नव्हे. मराठीत वाक्य संपल्याची खूण क्रियापद देते. इंग्रजीत ते काम बरेचसे चिन्हांवर पडते. हा फरक एकदा लक्षात आला, की इंग्रजी विरामचिन्हांचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

मराठी वाक्य कुठे संपते

मराठीत कर्ता आधी येतो, कर्म मध्ये आणि क्रियापद शेवटी. 'आला', 'गेली', 'पडले', 'आहेत' असे लिंग-वचन घेतलेले क्रियापद कानावर पडले, की ऐकणाऱ्याला कळते, एक विधान पुरे झाले. यावल-रावेरकडे 'पाऊस येऊ राहिला' म्हणतात, पुण्याकडे 'पाऊस येतोय' म्हणतात. बोली बदलली तरी क्रियापदाची जागा बदलत नाही.

वाक्य पुढे चालू ठेवायचे असेल तर मराठी क्रियापदाला पूर्ण रूपच देत नाही. 'सकाळी उठून, गुरांना चारा टाकून, डबा घेऊन तो बागेत गेला.' यात कामे चार आहेत, पण पूर्ण क्रियापद एकच, 'गेला'. 'उठून', 'टाकून', 'घेऊन' ही रूपेच सांगतात की थांबू नका, अजून यायचे आहे. 'आल्यावर', 'येता येता', 'येणारा', 'म्हणून', 'जो… तो' ही सगळी जोडकामाची साधने शब्दांत आणि प्रत्ययांत आहेत. चिन्हाचे काम त्यामुळे हलके होते. ते वाचणाऱ्याला दमही घेऊ देते, पण वाक्याची बांधणी त्याच्यावर उभी नसते.

आता चिन्हे काढून टाकलेली एक इंग्रजी ओळ पाहा: 'वी सोल्ड द बनानाज इन भुसावळ द ट्रक ब्रोक डाउन'. केळी भुसावळला विकली आणि ट्रक बंद पडला, की केळी विकली आणि भुसावळला ट्रक बंद पडला? दोन्ही अर्थ निघतात. 'इन भुसावळ' हे शब्द दोन क्रियापदांच्या मधोमध उभे आहेत आणि कोणत्याही बाजूला जाऊ शकतात. टिंब 'भुसावळ'नंतर पडले तर एक अर्थ, 'बनानाज'नंतर पडले तर दुसरा. लेखी मराठीत हा पेच सहसा येत नाही. 'केळी भुसावळला विकली ट्रक बंद पडला' यात 'भुसावळला' हा शब्द 'विकली'च्या आधी आला, म्हणजे तो त्याच क्रियापदाचा. बोलताना आपणही 'केळी विकली भुसावळला' असे म्हणतो. मात्र तेच कागदावर आले, की मराठीलाही चिन्हाची गरज भासू लागते.

इंग्रजीत क्रियापद मध्ये असते. त्याच्या पुढे कर्म, स्थळ, काळ, कारण असे काहीही येऊ शकते आणि किती येईल याला मर्यादा नाही. वाक्य संपल्याची खूण शेवटच्या शब्दात नसते. म्हणून इंग्रजीने ती कागदावर दोनदा ठेवली आहे, संपणाऱ्या वाक्याला टिंब आणि सुरू होणाऱ्या वाक्याला कॅपिटल अक्षर. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे कॅपिटलने वाक्याचा आरंभ दाखवायची सवयही आपल्याला नव्याने लावून घ्यावी लागते.

चिन्हे आली कुठून

मराठीने शेकडो वर्षे या चिन्हांवाचून राज्यकारभार केला. मोडीत लिहिताना कागदावर आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगत जायची, लेखणी शक्यतो न उचलता. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचाही नेम नव्हता. तरी कारकुनाला पत्र वाचता येई. क्रियापदे वाक्य मिटवीत, आणि 'बहुत काय लिहिणे', 'हे विनंती', 'जाणिजे' अशा ठरीव शब्दांवरून मजकुराचे टप्पे कळत. पत्र संपल्यावर शिवकाळात 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा उठवीत. पुढच्या काळात 'लेखनसीमा' असाही शिक्का दिसतो. अख्ख्या कागदाला मिळून तो एक पूर्णविराम होता. त्यापुढे कोणी ओळ घुसवू नये हाच त्याचा हेतू. श्लोकांना आणि ओव्यांना दंड होते, एक उभी रेघ किंवा दोन. गद्याला मात्र अर्धविराम, अपूर्णविराम असली उतरंड नव्हती.

ती आली छापखान्याबरोबर आणि शाळेबरोबर. मेजर थॉमस कँडी हे ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातले अधिकारी. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते होते, आणि १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्यांनी पुरा केला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. हीच पाठशाळा पुढे डेक्कन कॉलेज झाली. शालेय पुस्तकांचे मराठी तपासताना त्यांनी इंग्रजीतली चिन्हे मराठीत रुजवली. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे पुस्तक १८५० चे. आज मराठीत आपण जो स्वल्पविराम देतो, तो या मार्गाने आलेला आहे.

चिन्हे इंग्रजीकडून घेतली, पण वाक्याची बांधणी आपली आपल्याकडेच राहिली. तिला चिन्हांचा जाच नको होता. त्यामुळे मराठीत स्वल्पविराम सैल राहिला, दोन पूर्ण वाक्यांच्या मध्येही तो सुखाने नांदतो. पुढे पिढ्यान्‌पिढ्या भाषांतराच्या पाठांवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य समोर ठेवायचे आणि शब्दामागून शब्द इंग्रजीत न्यायचा. त्या वाटेने स्वल्पविरामही इंग्रजीत गेला आणि तिथे अडकला.

युरोपलाही ही चिन्हे एका दिवसात मिळाली नाहीत. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या ॲरिस्टोफेनिस या ग्रीक पंडिताने इसवी सनापूर्वी दोनशेच्या सुमारास ओळीच्या तीन उंचींवर टिंबे देऊन लहान-मोठे थांबे दाखवले. दोन शब्दांत जागा सोडण्याची रीत पाडली ती आयर्लंडमधल्या ख्रिस्ती मठवासीयांनी, सातव्या शतकाच्या सुमारास. त्यांची मातृभाषा लॅटिन नव्हती. शब्द कुठे तुटतो हे त्यांना कानाने कळत नव्हते, म्हणून डोळ्यांना खूण द्यावी लागली. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुटियस याच्या छापखान्यात १४९० च्या दशकात अर्धविराम जन्मला. परक्या भाषेच्या वाचकाला चिन्हांची गरज सर्वांत जास्त असते, आणि इंग्रजी लिहिणारा यावलचा विद्यार्थी त्याच पंक्तीत बसतो.

शाळेत अजून एक शिकवण कानावर पडते: स्वल्पविरामाला एक मोजेपर्यंत थांबा, अर्धविरामाला दोन, पूर्णविरामाला त्याहून जास्त. ही शिकवण जुनी आहे. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणात प्रत्येक चिन्हाचा थांबा आधीच्या चिन्हाच्या दुप्पट धरला होता, आणि हे व्याकरण इंग्रजी शाळांत दीर्घकाळ चालले. मोठ्याने वाचायला हा हिशेब बरा, लिहायला मात्र घातक. 'वी मिस्ड द बस' म्हटल्यावर आवाज जेमतेम टेकतो, कानाला तिथे स्वल्पविराम पुरतो. आजच्या इंग्रजीत निर्णय कान करत नाही. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या पायावर उभे राहणारे वाक्य आहे का, एवढेच पाहायचे असते.

एकाच जोडीचे पाच सांधे

दोन छोटी वाक्ये घेऊ. 'द रेट्स फेल', म्हणजे भाव पडले. 'द फार्मर्स वेटेड', म्हणजे शेतकरी थांबले. केळीच्या पट्ट्यात या दोन गोष्टी एकापाठोपाठ नेहमी घडतात. बऱ्हाणपूरचा भाव उतरला, की कापणी पुढे ढकलायची. इंग्रजीत ही जोडी पाच प्रकारे मांडता येते.

पहिला प्रकार पूर्णविरामाचा: 'द रेट्स फेल. द फार्मर्स वेटेड.' दोन घटना वेगवेगळ्या नोंदवल्या. एकीमुळे दुसरी घडली असे लिहिणाऱ्याने कुठेही म्हटलेले नाही. बातमीत, पंचनाम्यात, तक्रारीत हाच प्रकार सर्वांत सुरक्षित.

दुसरा अर्धविरामाचा: 'द रेट्स फेल; द फार्मर्स वेटेड.' इथेही दोन पूर्ण वाक्ये आहेत, पण लिहिणारा सुचवतो की त्यांचा एकमेकींशी संबंध आहे. तो कोणता, हे वाचकाने ओळखायचे. मराठीत जिथे आपण नुसता स्वल्पविराम देऊन मोकळे होतो, तिथे इंग्रजीत बहुधा हे चिन्ह बसते. सुरुवातीचे रिक्षाचे वाक्य 'वी मिस्ड द बस; वी टुक अ रिक्षा टू फैजपूर' असे लिहिले, की लाल गोल निघून जातो.

तिसरा स्वल्पविराम आणि जोडशब्द मिळून: 'द रेट्स फेल, सो द फार्मर्स वेटेड.' स्वल्पविराम एकटा दोन वाक्ये पेलू शकत नाही, जोडशब्द सोबत असेल तर पेलतो. पण हे जोडशब्द मोजकेच आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. हे सात पाठच करावेत. वाक्ये अगदी छोटी असतील तर यांच्या आधीचा स्वल्पविराम गाळलेला चालतो. जोडशब्द गाळून स्वल्पविराम ठेवला, तर मात्र चालत नाही.

चौथ्या प्रकारात एक वाक्य दुसऱ्याचे अंग होते: 'बिकॉज द रेट्स फेल, द फार्मर्स वेटेड.' गौण वाक्य आधी आले तर त्याच्यानंतर स्वल्पविराम. तेच मागे टाकले तर 'द फार्मर्स वेटेड बिकॉज द रेट्स फेल' यात सहसा चिन्ह लागत नाही. व्हेन, इफ, ऑल्दो, सिन्स यांचे वर्तनही असेच आहे.

पाचवा अपूर्णविरामाचा: 'द फार्मर्स वेटेड: द रेट्स हॅड फॉलन.' पहिले वाक्य उत्सुकता निर्माण करते आणि दुसरे ती फेडते. खुलासा किंवा कारण द्यायचे असेल तरच हे चिन्ह. दर दुसऱ्या ओळीला वापरले तर लिखाण भाषणासारखे वाटू लागते.

पाचही वाक्यांतली माहिती तीच, जबाबदारी मात्र वेगळी. 'बिकॉज' लिहिणाऱ्याने कार्यकारणभाव स्वतःच्या शब्दांत सांगितला. पूर्णविराम देणाऱ्याने तो सांगितला नाही.

नेमके कुठे पाय घसरतो

मराठीत 'पण' आणि 'तथापि' एकाच जातीचे शब्द. दोन्ही उभयान्वयी अव्यये, दोन्ही वाक्ये जोडतात. इंग्रजीत 'बट' जोडतो, 'हाउएव्हर' जोडत नाही. तो क्रियाविशेषण आहे, आधीच्या विधानाकडे मान वळवतो इतकेच. म्हणून 'द रेट्स फेल, हाउएव्हर द फार्मर्स सोल्ड' हे वाक्य चुकते. 'द रेट्स फेल. हाउएव्हर, द फार्मर्स सोल्ड' हे बरोबर: शब्दाच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम, आणि शब्दानंतर स्वल्पविराम. देअरफोर, मोरओव्हर, नेव्हरदलेस, देन हे त्याच कुळातले. ओळखण्याची खूण सोपी आहे. 'हाउएव्हर' वाक्याच्या मध्ये किंवा शेवटी सरकवता येतो: 'द फार्मर्स, हाउएव्हर, सोल्ड.' 'बट' असा सरकत नाही. जो शब्द सरकतो, त्याच्यावर दोन वाक्यांचा भार टाकायचा नाही.

'कारण' या शब्दाची गंमत याच्या उलट आहे. 'शेतकरी थांबले. कारण भाव पडले होते.' मराठीत दुसरे वाक्य स्वतंत्र उभे राहते. त्यात पूर्ण क्रियापद आहे आणि ते शेवटी आहे, एवढे मराठीला पुरते. इंग्रजीत 'बिकॉज द रेट्स हॅड फॉलन' एवढेच लिहून टिंब दिले, तर वाक्य अर्धवट राहिले असे मानतात. कथाकादंबरीत, जाहिरातीत असे तुकडे मुद्दाम टाकतात. परीक्षेत आणि अर्जात ते टाळावेत.

आपल्या '-ऊन'ने तर चिन्ह बरोबर असतानाही फसगत होते. 'भाव बघून ट्रक परत पाठवले.' बघणारे कोण, ते सांगायची मराठीला गरज वाटत नाही, शेतकरी असणार हे सगळ्यांना कळते. याचे इंग्रजी 'सीइंग द रेट्स, द ट्रक्स वेअर सेंट बॅक' असे केले, तर व्याकरणाच्या हिशेबाने भाव ट्रकने पाहिले. स्वल्पविरामानंतर जो कर्ता येईल, आधीची क्रिया त्याच्याच नावावर चढते. तिथे 'द फार्मर्स' आणावे लागतात: 'सीइंग द रेट्स, द फार्मर्स सेंट द ट्रक्स बॅक.'

'तो म्हणाला, की' यातला स्वल्पविरामही इंग्रजीत न्यायचा नाही. 'ही सेड दॅट द बस हॅड लेफ्ट' यात 'दॅट'च्या आधी काही नको. थेट शब्द अवतरणात दिले, तरच 'सेड'नंतर स्वल्पविराम येतो.

चिन्हाने माणसे वगळली जातात तेव्हा

'द फार्मर्स हू ग्रो बनानाज गॉट द मनी.' आणि 'द फार्मर्स, हू ग्रो बनानाज, गॉट द मनी.' शब्द तेच, क्रमही तोच. पहिल्या वाक्यात पैसे फक्त केळी लावणाऱ्यांना मिळाले. कापूसवाले राहिले. दुसऱ्यात सगळ्यांना मिळाले, आणि ते केळी लावतात ही जाता जाता दिलेली माहिती. स्वल्पविरामांची जोडी असेल तर मधला मजकूर उचलून बाजूला ठेवता येतो. जोडी नसेल तर तो मजकूर माणसे निवडण्याचे काम करतो. मराठी हे काम वाक्यरचनेवर सोपवते. 'ज्या शेतकऱ्यांनी केळी लावली, त्यांनाच पैसे मिळाले' म्हटल्यावर शंका उरत नाही. इंग्रजीत सगळा भार दोन बारीक चिन्हांवर आहे, म्हणून त्यातले एक देऊन दुसरे विसरणे सर्वांत वाईट.

कोर्टकचेरीत हे बारीक चिन्ह केवढे वजनदार ठरते, याचे उदाहरण महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात आहे. निकाल १९७९ च्या निकालसंग्रहांत छापलेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम २७ मध्ये तेव्हा विक्रीसाठी बनवणे, विकणे, साठा करणे किंवा विक्रीसाठी मांडणे, वाटणे अशी कृत्यांची यादी होती. इंग्रजी मजकुरात 'स्टॉक्स' या शब्दानंतर स्वल्पविराम नव्हता. न्यायालयाने त्यावरून अर्थ लावला, की 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' हा एकसंध तुकडा आहे, म्हणजे 'विक्रीसाठी' हे शब्द साठ्यालाही लागू होतात. विक्रीचा हेतू सिद्ध न करता नुसता साठा सापडला, एवढ्याने या कलमाखाली गुन्हा होत नाही. त्याआधी १९५२ मध्ये अश्विनीकुमार घोष खटल्यात याच न्यायालयात विरामचिन्हांबद्दल मत नोंदवले गेले होते: कायद्याचा अर्थ लावताना ती दुय्यम असली, तरी मजकूर काळजीपूर्वक चिन्हांकित असेल आणि अर्थाबद्दल शंका असेल, तर चिन्हांना वजन द्यावे.

कॅनडातली एक गोष्ट याहून बोलकी आहे. रॉजर्स या केबल कंपनीने अलायंट या टेलिफोन कंपनीच्या खांबांवरून तारा नेण्याचा करार केला होता. करार पाच वर्षे चालेल, नंतर पाच-पाच वर्षांनी वाढत जाईल, वर्षभर आधी नोटीस दिल्याखेरीज, असा त्यातल्या एका कलमाचा आशय. 'वाढत जाईल'नंतर स्वल्पविराम होता. त्यामुळे नोटिशीची अट फक्त वाढीव मुदतीला आहे की पहिल्या पाच वर्षांनाही, असा वाद उभा राहिला. २००६ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने चिन्हाकडे बोट दाखवून अट दोन्हींना लागू केली. रॉजर्सवर सुमारे दहा लाख कॅनेडियन डॉलरचा बोजा येणार होता. २००७ मध्ये कराराच्या मसुद्याची फ्रेंच आवृत्ती पुढे आली. तिच्यात अर्थ निःसंदिग्ध होता आणि निर्णय फिरला. इंग्रजीत चिन्हावर टांगलेली गोष्ट दुसऱ्या भाषेच्या रचनेने मोकळी केली.

चिन्हांची सुरेख कामगिरी पाहायची तर लांब जायला नको. संविधानाची उद्देशिका प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली असते. ती इंग्रजीत एकच वाक्य आहे आणि मराठीतही एकच. न्याय, स्वातंत्र्य, समानता ही कलमे अर्धविरामांनी वेगळी केली आहेत. न्यायाचे सामाजिक, आर्थिक, राजनैतिक हे प्रकार मात्र स्वल्पविरामांनी. यादीच्या पोटात यादी आली, की बाहेरच्या यादीला अर्धविराम द्यायचा, हा नियम तिथे डोळ्यांसमोर आहे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहावेत. इंग्रजी वाक्याचा शेवटचा शब्द 'संविधान' हा आहे, मराठी वाक्याचा 'आहोत'. क्रियापद येईपर्यंत मराठी वाचक थांबूनच असतो.

यावलचा इंग्रजीचा प्राध्यापक

हा फरक जाणणारा लेखक यावल तालुक्यातच जन्मला. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ चा, गाव सांगवी. फर्ग्युसन कॉलेजात आणि नंतर डेक्कन कॉलेजात ते शिकले. डेक्कन कॉलेजातला त्यांचा विषय भाषाविज्ञान होता. पुढे त्यांनी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले, लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतही शिकवले. २०१४ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. त्यांच्या १९६३ च्या 'कोसला'चा निवेदक पांडुरंग सांगवीकर बोलल्यासारखा लिहितो. छोटी वाक्ये एकामागून एक येत राहतात आणि क्रियापद आले, की विधान मिटते. असले गद्य इंग्रजीत नेताना प्रत्येक सांध्यावर निर्णय घ्यावा लागतो, टिंब की अर्धविराम की जोडशब्द. सुधाकर मराठे यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 'ककून' १९९७ मध्ये आले. मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून दहा पाने वाचली, तर या प्रकरणातला धडा नियमांवाचून समजेल.

बहिणाबाई चौधरी तर शेजारच्याच असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी म्हटलेली गाणी मुलगा सोपानदेव यांनी आणि नातलगांनी टिपून घेतली, आणि ती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. छापील पानावरची चिन्हे इतरांच्या हातची आहेत. गाणाऱ्या बाईला त्यांची गरज पडली नव्हती, कारण मराठीची क्रियापदे आणि लय पुरेशी होती. इंग्रजी अर्ज लिहिणाऱ्याला ती सवलत नाही.

तपासायची रीत आणि एक सराव

लिहून झाल्यावर पुढील क्रमाने तपासावे. आधी पूर्ण क्रियापदांखाली रेघा ओढा. जितकी क्रियापदे, तितकी वाक्ये. मग प्रत्येक दोन वाक्यांमध्ये काय आहे ते पाहा. नुसता स्वल्पविराम असेल तर चूक. सातांपैकी जोडशब्द असेल तर ठीक. सरकणारा शब्द असेल तर त्याच्या आधी अर्धविराम किंवा टिंब हवे. 'बिकॉज', 'व्हेन' यांनी सुरू होणाऱ्या वाक्याला मुख्य वाक्याचा आधार आहे ना, ते शेवटी बघा.

आता हा मजकूर घ्या, चिन्हांशिवाय: 'अवर फार्म इज निअर सांगवी द स्टॉर्म केम ऑन संडे नाइट वी लॉस्ट द क्रॉप हाउएव्हर द वेल इज सेफ बिकॉज द पंप वॉज अंडर वॉटर वी कॉल्ड अ मेकॅनिक.'

क्रियापदे सहा. 'बिकॉज' कुठे चिकटवायचा हा पहिला प्रश्न. तो आधीच्या वाक्याला जोडला तर पंप पाण्याखाली होता म्हणून विहीर सुरक्षित राहिली, असा विचित्र अर्थ होतो. पुढच्याला जोडला तर पंप बुडाला म्हणून मेकॅनिक बोलावला. 'हाउएव्हर'च्या आधी टिंब हवे. एक बरोबर उत्तर असे: 'अवर फार्म इज निअर सांगवी. द स्टॉर्म केम ऑन संडे नाइट, अँड वी लॉस्ट द क्रॉप. हाउएव्हर, द वेल इज सेफ. बिकॉज द पंप वॉज अंडर वॉटर, वी कॉल्ड अ मेकॅनिक.'

पण व्याकरणाला दुसरे उत्तरही चालते: 'द स्टॉर्म केम. ऑन संडे नाइट वी लॉस्ट द क्रॉप.' आधीच्या उत्तरात रविवारी रात्री वादळ आले. इथे वादळ कधी आले ते कळत नाही, रविवारी रात्री पीक गेले एवढेच कळते. भरपाईच्या अर्जात कोणती तारीख कशाची, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. व्याकरणाला दोन्ही चालत असले, तरी अर्जदाराला त्यातले एकच म्हणायचे असते, आणि ते टिंब त्यालाच टाकावे लागते.